लिंबाजीची मूठ

गिरणाकाठच्या बोरथडी गावात दयाळगीर महाराजांचे वास्तव्य होते, त्या काळची ही गोष्ट. काय ते दिवस होते! गावात यंत्र म्हणून काही नव्हते. महादेवाचे देऊळ उभे राहिले ते माणसांच्या खांद्यांवर. सकाळी दोर ओढणाऱ्यांचा 'हर हर' कानी पडला की घरोघरी बाया भाकऱ्या बांधायला घेत. तो आवाज जुन्या माणसांच्या कानांत अजून घुमतो.

शिळा वर चढवायची म्हणजे सागाच्या खांबांची उंच घोडी, तिला टांगलेली कप्पी आणि कप्पीवरून खाली आलेला दोर. दोराला पाचपंचवीस गडी लागत आणि त्या सगळ्यांनी बघायचे एकट्या लिंबाजीच्या हाताकडे. तळहात वर उचलला की ओढायचे, खाली दाबला की हळूहळू सोडायचे, मूठ वळली की जिथल्या तिथे धरायचे. शिळा लटकत असेतो लिंबाजी तिच्यावरची नजर काढत नसे.

कामावर देखरेख होती दाजीसाहेब इनामदारांची. मनुष्य उदार, पण ताठा फार. "गडी घाम गाळतात आणि हा नुसते हात ओवाळतो," असे ते चारचौघांत म्हणत. लिंबाजी आपला दोर तपासत राही. त्याला ध्यास वेगळाच होता. महाराज काशीला गेले होते. ते परततील तेव्हा पहिला माथा आपण त्यांच्या पायांवर ठेवायचा, एवढेच त्याचे मागणे होते.

त्या दिवशी शिखराची मोठी शिळा निघाली. लिंबाजीने तिला दुहेरी वेढा घातला, काठांनी दोर कापू नये म्हणून मध्ये गोणपाट दिले, वीतभर उचलून तोल पाहिला आणि मग तळहात वर केला. शिळा अर्ध्यावर पोचली, तोच मागून कोणी हाळी दिली, "महाराज आले!"

लिंबाजीने मूठ वळली. मागे वळून पाहावे म्हणून त्याचा जीव तुटत होता. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण तो वळला नाही.

दाजीसाहेब हार घेऊन धावले ते थेट शिळेखालून. मध्येच थांबून म्हणाले, "अरे लिंब्या, साक्षात महाराज आले आणि तू पाठ करून उभा? आधी हात जोड."

"दाजीसाहेब, तुम्ही तिथून बाजूला व्हा," लिंबाजी म्हणाला.

"मला शिकवतोस?"

आणि होऊ नये ते झाले. भोळीभाबडी माणसे ती! महाराज दिसताच गड्यांना कसले भान राहिले नाही. सगळ्यांनी दोर सोडला आणि हात जोडले.

कप्पी करकरली आणि शिळा खाली सुटली. लिंबाजीची मूठ तशीच वर होती. "महाराज, सांभाळा," एवढेच त्याच्या तोंडून निघाले. तिकडे महाराजांनीही आपली मूठ वर केली, आणि शिळा अधांतरी थांबली. खाली दाजीसाहेबांचे पागोटे, वर हातभर अंतरावर शिळा, आणि दोराचे टोक मातीत मोकळे पडलेले.

दाजीसाहेब कसेबसे बाहेर सरकले आणि पाय धरायला धावले. महाराज मागे सरले. म्हणाले, "जरा थांबा. शिळा अजून लटकते आहे." मग गड्यांना म्हणाले, "धरा रे दोर. माझ्याकडे बघू नका, लिंबाजीकडे बघा."

शिळा पुन्हा चढू लागली. भर उन्हात महाराजही एखाद्या गड्यासारखे लिंबाजीच्या हातावर नजर लावून उभे राहिले. कोणी पुढे झाले नाही. शिळा शिखरावर बसली, दोर सुटला, तेव्हा कुठे लिंबाजीचा हात खाली आला.

तो वळला आणि रडतच म्हणाला, "महाराज, चुकलो. तुम्ही दारी आलात आणि मी पाठ केली."

महाराज म्हणाले, "लिंबाजी, काशीपासून इथवर पुष्कळ जण माझ्या पाया पडले. माझी लेकरे सांभाळत उभा राहिलेला मला तूच भेटलास."

लिंबाजीने महाराजांच्या पायांवर माथा टेकला. तोच मागून कोणीतरी त्याचेच पाय घट्ट धरले. वळून पाहतो तर दाजीसाहेब, पागोटे उतरवून मातीत डोके टेकलेले.