कावळा शिवेना

“मग उत्तर का येत नाही, बुवा?”

मल्हार वर्पेने हे विचारलं तेव्हा त्याचा आवाज चढला होता. कृष्णेकाठच्या त्या मठात केदारबुवांसमोर कुणी आवाज चढवत नसे, पण पोरगा पेटलेला होता. इंजिनिअर झाल्यापासून त्याने अर्जांवर अर्ज धाडले, आणि एकाही कंपनीने साधं ‘नको’ म्हणायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. आज संध्याकाळी शेवटच्या अर्जाची मुदत संपत होती. कोकणात मासळी साठवण्याच्या शीतगृहावरची नोकरी. ती हुकली तर मामाच्या कापडदुकानात बसायचं, असं घरात ठरूनही गेलं होतं.

बुवा म्हणाले, “वाच.”

मल्हारने फोनवरचा अर्ज वाचला. अर्ज कसला, पोवाडाच होता तो! मी कॉलेजात पहिला, मी स्पर्धेत विजेता, मी मेहनती, मी जिद्दी, माझ्यात नेतृत्वगुण ठासून भरलेले. वरचं कंपनीचं नाव तेवढं बदलायचं आणि बाकी तोच पोवाडा गावभर धाडायचा, अशी त्याची रीत. वाचून झाल्यावर तो असा बघू लागला, की जणू आता बुवांनी पाठच थोपटावी.

बुवा खाली घाटाकडे बघत होते.

“बुवा… ऐकलंत ना?”

“चल, खाली जाऊ.”

घाटावर दौलूआबा खराड्यांचा दहावा चालला होता. भटजींचा पिंड ठेवून झाला होता, माणसं लांब हात जोडून उभी होती, आणि कावळा काही शिवत नव्हता. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या उंबरावर त्यांची जत्रा भरली होती. पण एक खाली उतरेल तर शपथ. म्हाताऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय, अशी कुजबुज सुरू झाली.

थोरला मुलगा पुढे झाला. आबा, मी तुमचं मोठ्या दवाखान्यात केलं, मी गावजेवण घालतोय, तुमच्या नावाची कमानही मीच उभारणार आहे, असं त्याने खणखणीत आवाजात सांगितलं. कावळे ढिम्म. मल्हारला हसू आवरेना. बुवांच्या कानाशी लागून तो म्हणाला, “हा आपलंच काय सांगत बसलाय?”

बुवांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं…

मल्हारचं हसू जागच्या जागी विरलं.

ऊन तापायला लागलं. भटजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. खरा आलाच नाही, तर तोच पिंडाला लावून मोकळं व्हायचं. एवढ्यात धाकटी सून मागून पुढे आली. शेवटच्या दुखण्यात आबांच्या उशाशी तीच बसलेली. तिने पदर सावरला आणि हळूच म्हणाली, “आबा… चांदी म्हैस विकणार नाही आम्ही.”

थोरल्याचा चेहरा पडला. गिऱ्हाईक ठरलं होतं म्हणे. पण त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? उंबरावरून एक कावळा सरळ झेपावला आणि पिंडाला चोच मारून गेला. शिवला, शिवला, असा एकच गलका झाला. बायकांना रडू फुटलं, भटजींनी हातातला दर्भ टाकून दिला.

मल्हारने एकदा बुवांकडे पाहिलं.

मग घाटाच्या पायरीवरच फतकल मारून त्याने फोन काढला आणि कंपनीची जाहिरात पुन्हा वाचली. पुन्हा कसली, खरं तर पहिल्यांदाच. रात्री कॉम्प्रेसर बंद पडतात, सकाळपर्यंत मासळी नासते, तिथेच मुक्कामाला राहणारा माणूस हवा, असं तीत चक्क लिहिलेलं होतं. मल्हारने कपाळावर हात मारून घेतला. काकांच्या बर्फाच्या कारखान्यात त्याने दर सुट्टी काढली होती. अर्ध्या झोपेतून उठून असलेच कॉम्प्रेसर चालू केले होते. पण लोक बर्फवाला म्हणतील, या लाजेने अर्जात त्याचं नावही काढलं नव्हतं.

पोवाडा पुसला. त्या जागी चार ओळी लिहिल्या आणि धाडून दिल्या.

आठवडा उलटायच्या आत तो मठाची चढण धावत चढून आला. एक चप्पल वाटेतच राहिली, तिचीही शुद्ध नव्हती.

“बुवा… शिवला!”

कंपनीच्या साहेबांनी स्वतः फोन करून मुलाखतीला बोलावलं होतं. मल्हारच्या तोंडाला तर आता खळ नव्हता. किल्ली सापडली, म्हणाला. समोरच्याचा जीव कशात अडकलाय ते हेरायचं आणि लिहून मोकळं व्हायचं. कोकणात काय, चार महिने काढू. मग याच किल्लीने पुण्यातलं एखादं गारेगार ऑफिस उघडू.

बुवांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो घटाघटा प्यायला.

“काय लिहिलं होतंस?”

“रात्री मशीन बंद पडलं, तर मी तिथेच असेन.”

“बरं…”

मल्हारने रिकामा तांब्या परत केला.

बुवा म्हणाले, “म्हैस विकू नकोस.”