सहा घागरी, आठ पाषाण

एका राज्यात शार्दूलसेन नावाचा राजा राज्य करी. राज्य मोठे, कोठारे भरलेली, पण वाटप म्हटले की थोरामोठ्यांच्या कपाळाला आठ्या. तिथली म्हणच होती, 'वाटले की घटले.' महाद्वारावर ती दगडात कोरली होती आणि पोरांना बाराखडीच्या आधी तीच शिकवत. या म्हणीनेच राज्याचा घात केला.

काळभृंग नावाच्या जादूगाराने एके दिवशी त्यांची नदी उचलून आपल्या गुहेत कोंडली आणि निरोप धाडला, "माझ्या तीन दारांशी तीन वाटण्या सांगा, नदी घेऊन जा. चुकाल तर पाषाण व्हाल." राजा गेला, परतला नाही. युवराज रणधवल गेला, तोही नाही. मागोमाग सहा मानकरी मिशांना पीळ देत गेले आणि तिकडेच राहिले. प्रजा कोरड्या पात्रात झरे उकरू लागली. तेव्हा राजाची लेक मेघावती कंबर कसून निघाली.

पहिल्या दाराशी सोन्याच्या ताटात अर्धा मांडा होता. शेजारी तिचे वडील उभे, तीन मानकरी उभे, सारे दगडाचे. वडिलांच्या खांद्यावर एक बोलकी साळुंकी बसली होती, गुहेत आलेल्या प्रत्येकाचे उत्तर ऐकलेली.

दार बोलले, "अर्ध्या मांड्याला पाव मांड्याने भाग."

"बाबा काय म्हणाले होते?" मेघावतीने साळुंकीला विचारले.

"अर्धा पाव म्हणाले. भागले म्हणजे घटणारच, म्हणाले."

मेघावतीच्या ओठांवरही तेच आले होते. तिने ते गिळले. दार तुकडे करायला सांगतच नव्हते. अर्ध्यात पाव किती वेळा मावतो, एवढेच विचारत होते. वाड्यातल्या पंगतीत दर पानावर पाव मांडा वाढायचा, तर अर्ध्या मांड्यात किती पाने होतील?

"दोन," ती म्हणाली. दार उघडले. साळुंकी तिच्या खांद्यावर येऊन बसली.

दुसऱ्या दाराशी पाऊण हात रेशीम लोंबत होते आणि त्याखाली रणधवल, हातात कात्री, दगडाचा. उरलेले तीन मानकरी त्याच्यामागे होते, कारण मानकरी नेहमी कोणाच्या तरी मागेच असतात.

"एका निशाणाला अर्धा हात रेशीम. पाऊण हातात निशाणे किती?" दाराने विचारले.

साळुंकी म्हणाली, "तुझा दादा म्हणाला, एक निशाण झाले, पाव उरले, म्हणून सव्वा."

मेघावतीने भावाच्या थंड हाताला हात लावला. किती थोडक्यात चुकला होता बिचारा! उरले ते पाव खरेच, पण पाव हात. विचारली होती निशाणे, आणि निशाण तर अर्ध्या हाताचे. पाव हात म्हणजे अर्धे निशाण.

"दीड," ती म्हणाली. हेही दार उघडले.

तिसऱ्या दाराशी आजवर कोणी पोचले नव्हते. तिथे काळभृंग स्वतः बसला होता, पुढ्यात अमृताच्या सहा घागरी.

"राजकन्ये, पाषाण आठ, घागरी सहा. एका पाषाणाला पाऊण घागर शिंपली की तो उठतो. सांग, कोणाला मागे सोडतेस?"

मेघावतीच्या डोळ्यांपुढून आठही चेहरे फिरले. मनात आले, सर्वांत म्हातारे दोन मानकरी सोडावेत. लगेच तिला स्वतःची लाज वाटली. सहाला भागले तर सहाहून कमीच येणार, हे तिला कोणी सांगितले होते? महाद्वाराने.

ती खाली बसली आणि मातीत बोटाने रेघा ओढू लागली. एका घागरीत पाव-पावाचे चार वाटे. सहा चोक चोवीस. पाऊण घागर म्हणजे तसे तीन वाटे. चोविसात तीन किती वेळा? तीन आठे चोवीस.

ती उठून उभी राहिली. "पाऊण म्हणजे चारांतले तीन. त्याने भागायचे तर ते उलटे धरावे. चाराने गुणावे, तिनाने भागावे. सहाचे आठ होतात, काळभृंगा. मी कोणालाही सोडत नाही."

काळभृंगाचा धूर झाला. गुहा दुभंगली आणि नदी गर्जत बाहेर पडली. मेघावतीने पाऊण-पाऊण घागर शिंपत आठही जण उठवले. शेवटच्या मानकऱ्याशी शेवटची घागर रिती झाली, एक थेंब उरला नाही आणि एक कमी पडला नाही.

राजाने डोळे उघडताच विचारले, "लेकी, मागे कोण राहिले?"

"कोणीच नाही, बाबा."

राजाने आयुष्यात पहिल्यांदा कोठारे उघडली. महाद्वारावरची म्हण त्याने स्वतः छिन्नीने खोडली. त्या दिवशी नदीकाठी पंगत बसली. राजा मांडे घेऊन वाढायला उभा राहिला आणि ओरडून विचारता झाला, "दर पानावर पाव मांडा! एका मांड्यात पाने किती?"

"चार!" सारा काठ गरजला, आणि सर्वांत मोठा आवाज रणधवलाचा होता.

जसे त्यांचे पाषाण उठले, तसे ऐकणाऱ्यांचे अडलेले हिशेब सुटोत, आणि कोणाच्या पंगतीतले पान रिकामे न राहो.