अनशीआत्याचं घंगाळ

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक नियम होता. ग्रहण कधी सुटणार, हे विचारायचं नाही.

कुठलं ग्रहण म्हणता? सांगते. जवळ सरका बघू.

त्या गावात मूल जन्मलं ना, की बाराव्या दिवशी आभाळातून एक चांदणी खाली यायची. शेवंतीच्या फुलाएवढी. घरात शिरायची आणि भिंतीतल्या एका कोनाड्यात जाऊन बसायची. ज्याची त्याची चांदणी, ज्याचा त्याचा कोनाडा. गावाच्या डोक्यावर होता घाट, आणि घाटात बारा महिने धुकं. असलं दाट, की पुढे केलेला हात दिसायचा नाही. तिथं कंदील चालायचा नाही, मशाल चालायची नाही. आपली चांदणी ओंजळीत घेऊन निघालं, तरच वाट दिसायची. घाटापलीकडे बाजार होता, नदी होती, शाळा होती, आणि पिवळंधमक ऊन होतं, बरं का.

मग मुली जायच्या का पलीकडे? नाही जायच्या. बहिणीची चांदणी उजळ असली, तर भावाची फिकी दिसते ना! म्हणून बहिणीची झाकायची. एकदा नाही, तीनदा. सातव्या वर्षी कोनाड्यावर पांढरं फडकं. त्याला म्हणायचं मळभ. बाराव्या वर्षी बांबूची टोपली; त्याला म्हणायचं झाकोळ. आणि भाऊ पहिल्यांदा घाट चढायला निघाला, की कोनाड्याच्या तोंडावर तांब्याचं घंगाळ लावायचं आणि कडेनं चिखल लिंपायचा. त्याला म्हणायचं खग्रास.

"रडायचं काय त्यात?" बायका म्हणायच्या. "ग्रहणच आहे. ग्रहण सुटतंच."

त्या गावात गोजरा नावाची मुलगी होती. तिची चांदणी अशी लखलखीत, की आई तिच्या उजेडात तांदूळ निवडायची. भाऊ होता भिवा. त्याची चांदणी आपली मिणमिणती. पण भिवाला त्याचं काहीच नव्हतं. तो आणि त्याच्या म्हशी.

गोजराला सातवं लागलं. आजोबांनी, म्हणजे आबांनी, कोनाड्यावर फडकं लावलं. घर एकदम धुरकट झालं.

गोजरानं विचारलं, "आबा, हे सुटणार कधी?"

आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "असं विचारतात का मोठ्यांना?"

मग अनशीआत्यानं तिला कुशीत ओढलं. आत्या म्हणजे गोजराच्या वडिलांची, तात्यांची, बहीण. तिच्या कोनाड्यावर केव्हापासून घंगाळ होतं. तात्या जन्मभर घाट चढले, हिरडा विकून आले, गावात त्यांचं नाव झालं. आत्या चुलीपाशी राहिली.

पण आत्याचं एक वेगळंच होतं, बरं का. ग्रहणात अन्नावर तुळशीचं पान ठेवतात ना? आत्या रोज ठेवायची. दोन्ही वेळा, स्वतःच्या ताटात. आणि ग्रहण सुटलं की आंघोळ करतात ना? म्हणून ती रोज पहाटे घागरभर ताजं पाणी आणून न्हाणीच्या दाराशी ठेवायची. कालचं पाणी फुलझाडांना घालायची. वर खुंटीवर एक कोरं हिरवं लुगडं, घडी न मोडलेलं.

"हे कशाला गं आत्या?"

"आज सुटलं तर? ऐन वेळी धावपळ नको," आत्या म्हणायची.

मग गोजराला बारावं लागलं. फडक्यावर टोपली आली. टोपलीच्या भोकांतून उजेडाचे बारीक कण भिंतीवर सांडायचे. गोजरा त्यावर बोट फिरवत बसायची. विचारायची मात्र नाही. जीभ दाताखाली धरायची.

मग भिवाला अठरावं लागलं. आबा म्हणाले, "दसऱ्याला भिवा घाट चढणार. गोजराचं खग्रास करून टाका."

भिवा म्हणाला, "मला नाही चढायचा घाट. माझी काळी म्हैस व्यायला झालीय."

"म्हशीचं काय सांगतोस! घराण्याचं नाव आहे," आबा ओरडले.

त्याच आठवड्यात आत्या अंथरुणाला खिळली. पाणी आणायला उठता येईना. तेव्हा गोजरा पाणी आणू लागली. कालचं झाडांना, आजचं दाराशी.

तिसऱ्या सकाळी आत्यानं विचारलं, "सुटलं का गं?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं हो तिनं! गोजराला राहवेना. तिनं खुरपं घेतलं आणि आत्याच्या कोनाड्यावरचा चिखल खरवडला. वाळून दगड झाला होता. आई धावत आली, "अगं, काय करतेस, आबा बघतील!" गोजरानं ऐकलं नाही. घंगाळ खाली उतरवलं, मागची टोपली आणि फडकंही काढलं.

आत अंधार होता. गोजरानं डोकं आत घातलं. कोपऱ्यात, काजळीत, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी चमकत होतं. तिनं ते अलगद तळहातावर घेतलं आणि आत्याकडे नेलं. तेवढ्या उजेडात आत्याच्या बोटांच्या रेषासुद्धा नीट दिसेनात.

आत्या बघत राहिली. मग म्हणाली, "एवढीशीच होती का गं माझी?"

"नाही आत्या," गोजरा म्हणाली. "मोठी होती. खूप मोठी होती."

"मला वाटायचं, झाकून ठेवलीय म्हणजे नीट राहिली असेल."

ती कणी एकदा लुकलुकली आणि विझली. गोजरानं फुंकर घालून पाहिली, पदराआड धरून पाहिली. मग वर बघितलं, तर आत्याही गेली होती.

घागरीतलं पाणी तसंच राहिलं. आत्याला दुसऱ्या पाण्यानं आंघोळ घातली. तिचं ग्रहण सुटलं असं कुणी म्हणालं नव्हतं ना.

तेरा दिवस झाले. चौदाव्या दिवशी आबा आले, तात्या आले, गावातली चार म्हातारी माणसं आली. आईच्या हातात घंगाळ होतं. चिंच लावून घासलेलं, लख्ख. गोजरानं ओळखलं. काठाला आत्याच्या कोनाड्याचाच चिखल होता, नखाएवढा.

"चल बाळ, कोनाड्यापाशी ये," तात्या म्हणाले. "आत्याची होतीच बारीक. तुझी नाही विझायची."

"तात्या, चाळीस वर्षं तुम्ही बघितली नाहीत. मग बारीक होती हे कळलं कसं?"

तात्यांनी मान खाली घातली. आबा म्हणाले, "गोजरा, तोंड आवर. ग्रहण आहे. सुटतंच."

"कधी?"

गोजरा पुढे झाली. तिनं आईच्या हातातलं घंगाळ घेतलं. सगळ्यांना वाटलं, शहाणी झाली पोर. पण ती कोनाड्याकडे गेलीच नाही. ती गेली अंगणात. दगडावर घंगाळ ठेवलं, आत्याची घागर आणली आणि पाणी भडाभडा त्यात ओतलं. मग सगळ्यांच्या देखत, अंगावरच्या कपड्यांनिशी, तांब्या तांब्या पाणी डोक्यावर घेतलं. पाणी थंडगार होतं. तिचे दात वाजत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"अगं, ही कसली आंघोळ?" आबा म्हणाले.

"ग्रहण सुटल्याची. आत्याची आणि माझी."

"सुटलं म्हणून कुणी सांगितलं?"

"मी सांगते."

ती आत गेली. आत्याच्या हिरव्या लुगड्याची घडी मोडली आणि नेसली. टोपली काढली, फडकं काढलं. चांदणी ओंजळीत घेऊन ती बाहेर आली. अंगणात ऊन पडावं तसं झालं. म्हाताऱ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. गोठ्याच्या दारातून भिवा म्हणाला, "जपून जा गं ताई."

"मी ही झाकू देणार नाही," गोजरा म्हणाली. "माझी नाही, आणि यापुढे कुणाचीच नाही."

आणि ती घाटाच्या वाटेला लागली. तात्या रिकाम्या कोनाड्याकडे बघत राहिले. सगळे गप्प झाले.

तसे आता तुम्हीही गप्प व्हा, आणि झोपा. पण तोंडावरून पांघरूण घ्यायचं नाही हं, कुणीच.