आईच्या मशीनचं तेल

"तेल किती दिवसांनी घालायचं असतं, आक्का?"

शैलजानं विचारलं तेव्हा तिच्या हातात मोबाइल होता. उत्तर आलं की टिपून घ्यायचं आणि मोकळं व्हायचं, असा तिचा बेत.

ड्रायव्हरनं गाडीतून आणून ओसरीवर ठेवलेल्या मशीनकडे आक्का बघत राहिल्या. हातानं चाक फिरवायचं, शैलजाच्या आईचं जुनं काळं मशीन. सोनेरी वेलबुट्टी निम्मी पुसून गेलेली.

कुरुंदवाडात आक्कांचा शिवणवर्ग चाळीस वर्षं चालला. आता वर्ग नव्हता. वय पंच्याऐंशीला टेकलं होतं, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण बोटं अजून शाबूत. शैलजा ही त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. असं आक्का कधी म्हणाल्या नव्हत्या, शैलजाच सगळ्यांना सांगायची. आता इचलकरंजीत तिचा स्वतःचा कपड्यांचा कारखाना होता, तेव्हा खोटं तरी कोण म्हणणार?

"माझ्याकडे चाळीस मशिनं आहेत, आक्का. तेलाला कुणाला हात लावावा लागत नाही. खाली टाकी असते, तेल आपलं आपण वर चढतं."

"बरं हाय की."

"आणि हे एवढंसं मशीन ऐकेना! माझे दोन मेकॅनिक बसले. सुई बदलली, भारीतलं तेल सोडलं. तरी चाक जातं ओढल्यासारखं जड."

"मग ऱ्हाऊ दे की. चाळीस हाईत न्हवं?"

शैलजानं पिशवीतून एक कापड काढलं. इरकल साडीची बेतून ठेवलेली कुंची. टाचण्या तशाच लावलेल्या.

"आईनं बेतली होती. माझ्या लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात. शिवायच्या आधीच श्रावणात आई गेली... परवा बारसं आहे, आक्का. आमच्या घरात प्रत्येक बाळाची पहिली कुंची याच मशीनवर झाली. माझीसुद्धा."

आक्कांनी कुंचीच्या काठावरून बोट फिरवलं.

"इंदूचा हात," त्या म्हणाल्या. "मशीन आडवं कर."

शैलजानं मशीन मागं कलंडवलं. तिच्या मेकॅनिकांनी वरच्या भोकांतून तेल सोडलं होतं. खाली कुणी वाकून बघितलं नव्हतं. आपोआप तेल चढणाऱ्या मशिनांवर वाढलेली माणसं ती, त्यांना तरी काय बोल लावायचा?

आक्कांनी अंबाड्यातला आकडा उपसला आणि मशीनच्या पोटात घातला. दांड्यांच्या सांध्यांत पिवळट काहीतरी थिजून बसलं होतं, धाग्यांच्या तुसाबरोबर घट्ट झालेलं. त्यांनी ते टोकावर घेतलं आणि शैलजाच्या नाकाशी धरलं.

माका. कापूर. खोबरेल.

शैलजा एकदम नऊ वर्षांची झाली. शिरोळच्या घरात, आईच्या दोन गुडघ्यांमध्ये बसलेली. डोक्यावर कोमट तेलाची धार, आईची बोटं, आणि "हलू नकोस गं, कानात जाईल." घरी कढवलेलं ते तेल आईनं उभ्या जन्मात बदललं नाही. आईची उशीसुद्धा त्याच वासाची होती. आई जाऊन चार महिने झाले होते आणि शैलजाला वाटत होतं, आपण बऱ्यापैकी सावरलो. कसलं काय! तिला आई हवी होती. आत्ता, या ओसरीवर, अशीच्या अशी हवी होती.

"हे डोक्याचं तेल," आक्का म्हणाल्या. "थंडीत थिजतंय. मशीनला चालत न्हाई."

"आईला माहीत नव्हतं का?"

"इंदूला? तिला न्हाई तर कुणाला?"

...

मग शैलजाला फोन आठवला. एक नाही, पुष्कळ.

आईचे गुडघे गेले होते, ती घराबाहेर पडत नसे. प्रत्येक फोनच्या शेवटी एकच असायचं. "येताना मशीनचं तेल आण गं. छोटी बाटली पुरे." आणि शैलजा म्हणायची, आणते. गणपतीला म्हणाली, आणते. दिवाळीला मिठाई नेली, साडी नेली, गुडघ्याला लावायचं मलम नेलं. संक्रांतीलाही आणते म्हणाली. उन्हाळ्यात आईच म्हणाली, "राहू दे आता. केलंय मी काहीतरी."

"काहीतरी" म्हणजे काय, ते शैलजानं विचारलं नव्हतं.

"आक्का... गोडाऊनमध्ये तेलाचं पिंप आहे माझ्या. अख्खं पिंप." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आक्कांनी तिला रडू दिलं. मग त्या उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या, आणि रॉकेलची बाटली घेऊन आल्या. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून ती त्यांनी देव्हाऱ्यासारखी जपली होती. एका फडक्यावर थोडं ओतून त्यांनी ते पुढं केलं.

शैलजानं हात मागं घेतला.

"वास जाईल, आक्का."

"जाईल की."

"मग नको. असंच ठेवते मी हे. काचेच्या कपाटात. कुंची कारखान्यात शिवून घेते."

आक्कांनी फडकं तसंच धरून ठेवलं. रॉकेल त्यांच्या मनगटावरून ओघळलं.

"शैले, इंदूनं तेल कशाला घातलं गं? मशीन चालावं म्हणून, का बंद पडावं म्हणून?"

...

शैलजानं फडकं घेतलं.

वर्गात पहिला महिनाभर आक्कांनी तिच्या हातात सुई दिली नव्हती, असंच फडकं दिलं होतं. "मी शिवण शिकायला आलेय, पुसापुशी करायला नाही," असं ती मैत्रिणींपाशी धुसफुसली होती. तेव्हाची ती मुलगी आता बावन्न वर्षांची होऊन खाली बसली आणि सांधा न् सांधा पुसू लागली. सुईखालच्या दातांमधलं तूस काढलं. शटल सोडवून पुसलं. फडकं पिवळं झालं, मग काळं. वास आधी दाटला, मग विरळ झाला, मग फक्त रॉकेलचा राहिला.

मग आक्कांनी मशीनच्या तेलाची कुपी दिली. एकेका भोकात एकेक थेंब. शैलजानं चाक फिरवलं. पहिल्यांदा कुरकुरलं, मग सैल पडलं, मग नुसत्या बोटाच्या धक्क्यानं फिरू लागलं.

तिनं घाईनं कुंची उचलली. आक्कांनी तिच्या हातावर चापट मारली.

"आधी चिंधी!"

आणि शैलजाला हसू फुटलं. हीच चापट, याच जागी, पस्तीस वर्षांपूर्वी बसली होती. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवायचं, नाहीतर चांगल्या कापडावर डाग पडतो. चाळीस मशिनांची मालकीण हे साफ विसरली होती.

चिंधीवरची पहिली ओळ तेलकट आली. दुसरी जराशी. पाचवी कोरडी.

मग कुंची. एकेक टाचणी काढत, आईनं धरलेल्या दुमडीवरून शैलजा शिवत गेली. चाकाचा तो आवाज ओसरीभर झाला. तिच्या लहानपणीच्या सगळ्या दुपारी याच आवाजाच्या होत्या, आणि आक्का डोळे मिटून तो ऐकत होत्या.

शेवटचा दोरा तोडून तिनं कुंची मांडीवर पसरली. कुठं डाग नव्हता.

मोबाइल कधीचा पिशवीत गेला होता.

"आक्का, मघाचं सांगितलं नाहीत तुम्ही. तेल किती दिवसांनी घालायचं?"

आक्कांनी आकडा पदराला पुसला आणि पुन्हा अंबाड्यात खोचला.

"मागितलं की," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी."