कोब्यावरचं नाव

माजी सभापती तात्यासाहेब निंबाळ्यांनी परसातल्या अवजारांच्या शेडला सिमेंटचा कोबा निवडला, कारण नांगर आपटला की फरशी फुटते. काम दिलं गोदाक्काला. नवरा गेल्यापासून त्याचीच थापी घेऊन ती गवंडीकाम करायची.

पण कोबा ओला असतानाच तात्यासाहेब पाहणीला आत शिरायचे. दोनदा वहाणांचे ठसे उमटले, दोनदा सगळा कोबा उखडावा लागला.

"तुझंच काम कच्चं, आक्का! माझ्या शेडात मला कोण अडवणार? आता ठसा दिसला, तर तुला कबूल केलेलं शाळेच्या ओट्याचं काम विसर."

तिसऱ्यांदा कोबा घोटल्यावर गोदाक्काने दारातल्या ओल्या कोब्यातच थापीच्या टोकाने काहीतरी कोरलं.

तात्यासाहेब आले, पाय उचलला आणि तसाच राहिला. दारभर अक्षरं होती : 'माजी सभापती श्रीमान तात्यासाहेब निंबाळे'.

"अगं, हे काय?"

"आपलं नाव. त्यावर पाय द्यायची गावात कुणाची छाती नाही. आपण मालक, खुशाल द्या."

पाय हळूच मागे आला. पुढचे आठ दिवस तात्यासाहेब दाराशी खुर्ची टाकून कोंबड्या हाकलत बसले.

कोबा दगडासारखा झाला. मग अवजारं न्यायला त्यांनी मागच्या भिंतीत दुसरं दार पाडून घेतलं. तेही गोदाक्काकडूनच, शाळेच्या ओट्याआधी.