मोकळा पाय

एका जंगलात एक हरिणी राहत असे. राहत असे म्हणजे काय, पळत असे! सकाळी ती टेकडीच्या या अंगाला दिसली, तर पाण्यावर निघालेले गवे त्या अंगाला पोचेपर्यंत ती तिथे केव्हाच चरत उभी असे. दर वर्षी हिवाळा सरताना जंगलात मोठी शर्यत होई आणि जिंकणाऱ्याच्या कळपाला उन्हाळाभर डोहाकाठचे हिरवे कुरण मिळे. त्या वर्षी हरिणीच्या कळपात पाडसे पुष्कळ होती. सगळ्यांची भिस्त तिच्या चार पायांवर होती.

त्याच जंगलात दोन पाठशाळा होत्या. एकीत अस्वलगुरुजी वानरांना मैदानावरचे उपचार शिकवत. खेळाडू पडला की आधी काय बघायचे, सूज कशी उतरवायची, आखडलेला स्नायू कसा चोळायचा, पट्टी कुठे बांधायची, हे सारे तिथल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असे. दुसरीत करकोचागुरुजी सुतारपक्ष्यांना हाडांची विद्या शिकवत. हाडावर चोचीने हलकेच टकटक करायची आणि आवाजावरून आत काय बिघडले ते ओळखायचे. दोन्ही विद्या चांगल्या, दोन्ही गुरू विद्वान. मधे फक्त करवंदीचे एक कुंपण.

पण मुलांनो, त्या कुंपणाइतका मूर्खपणा मी उभ्या जंगलात दुसरा पाहिला नाही! इकडच्याने तिकडे बघायचे नाही, तिकडच्याने इकडे बोलायचे नाही. "दुसऱ्याच्या विद्येत चोच खुपसू नये," हा तिकडचा नियम. "आपले हात आपल्या अंगणात," हा इकडचा. नियम मोडेल त्याचे नाव शाळेतून काढून टाकत. उद्या हेच विद्यार्थी एकाच जखमी प्राण्याभोवती उभे राहणार आहेत, हे एवढ्या विद्वानांना समजत नव्हते का? चांगले समजत होते. पण आपला शिष्य शेजाऱ्याकडून काही शिकला तर आपला मान कमी होईल, अशी दोघांना धास्ती. असल्या मानाला काय म्हणावे!

शर्यत तोंडावर आली आणि हरिणीचा पुढचा पाय ठणकू लागला. ती आधी सुतारपक्ष्याकडे गेली. हा सुतारपक्षी शेवटच्या वर्गात शिकत होता आणि वर्गात पहिला होता. त्याने टकटक केली, कान लावला, पुन्हा टकटक केली. हाडाला बारीक चीर पडली होती.

"आत काय झालंय?" हरिणीने विचारले.

"ते आमच्या गुरुजींशिवाय कोणाला सांगायचं नसतं, ताई," तो म्हणाला. "तुम्ही फक्त पाय मोकळा ठेवा. बरा होईल. बाकी पट्टीबिट्टी वानरांचं काम."

आता या सुतारपक्ष्यांच्या शाळेत 'मोकळा पाय' म्हणजे ज्याच्यावर अंगाचा भार टाकायचा नाही असा पाय. पळणे तर सोडाच, त्यावर उभेसुद्धा राहायचे नाही. ही गोष्ट तिथे अंड्यातून बाहेर आल्या-आल्या शिकवत, म्हणून ती आणखी फोड करून सांगावी असे त्याला वाटलेच नाही.

हरिणी लंगडत कुंपणाला वळसा घालून वानराकडे गेली. तोही शेवटच्या वर्गातला, हुशार आणि मनापासून काम करणारा. ती म्हणाली, "वानरदादा, सुतारपक्ष्यानं पाय मोकळा ठेवायला सांगितलंय."

"एवढंच ना?" वानर खूश झाला. कारण त्याच्या शाळेत 'मोकळा पाय' म्हणजे चोळून, ताणून, शेकून शर्यतीला तयार केलेला पाय! त्याने बाह्या नव्हत्या तरी सरसावल्यासारखे केले आणि रोज तिचा पाय चोळू लागला. चोळताना एका जागी हाड त्याच्या बोटाला गरम लागे. तिथे हात गेला की हरिणी कळवळे. हे विचारून यावे, असे वानराच्या मनात येई. मग त्याची नजर कुंपणावर जाई आणि तो खाली मान घालून पुन्हा चोळू लागे. वर फांदीवर सुतारपक्षी बसलेला असे. चीर पडलेल्या हाडाला कोणी ताणते आहे, हे त्याला दिसत होते. त्याने चोच उघडली आणि तशीच मिटली. वानराने शेवटी पाल्याचा लेप लावला, ठणका थांबला आणि तो म्हणाला, "झाला पाय मोकळा, ताई. पळा आता!"

हरिणी पळाली. कोरड्या ओढ्यापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. तिथे तिने उडी मारली आणि काठावर टेकताना पाय मोडला. तो आवाज ऐकायला हाडांची विद्या येण्याची गरज नव्हती. कुरण दुसऱ्या कळपाला गेले आणि हरिणीचे पळणे कायमचे गेले.

ओढ्यापाशी सारे जंगल जमले. करकोचागुरुजी म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्याचं निदान अचूक होतं."

अस्वलगुरुजी म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यानं शाळेत शिकवलं तसंच केलं."

मग जन्मात पहिल्यांदा दोघांचे एकमत झाले. "चूक हरिणीचीच. निरोप नीट पोचवला नाही तिनं."

ऐका, मुलांनो, ऐका! ती बिचारी मोडक्या पायाने धुळीत पडलेली आणि हे दोघे आपापली शाळा वाचवत होते. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला.

हरिणीने मान उचलली. "गुरुजी, तुमच्या दोघांच्या अंगणात एका हाकेचं अंतर आहे. तुम्ही दोघं धडधाकट. निरोप न्यायला सगळ्या जंगलात तुम्हाला माझा लंगडा पायच सापडला?"



वानर पुढे झाला. "हाड मला गरम लागत होतं, गुरुजी. विचारायला जाणार होतो. तुम्ही शाळेतून नाव काढून टाकाल म्हणून भ्यालो."

सुतारपक्षी खाली उतरला. "मी वरून बघत होतो. ओरडलो असतो तर ताईंचा पाय वाचला असता. मी नियम पाळला."

एवढे बोलून ते दोघे हरिणीपाशी बसले. "इथं धरू का?" "जरा खाली. हं, आता हलवू नकोस." "पट्टी घट्ट झाली तर हाडाला चालेल?" "चालणार नाही. बोटभर सैल ठेव." "ताई, दुखलं तर सांगा हं." अस्वलगुरुजी ओरडले, करकोचागुरुजी फडफडले, "आधी आपापल्या जागी जा!" कोणीही जागचे हलले नाही. उलट दोन्ही शाळांतले बाकीचे विद्यार्थी जवळ सरकले आणि बघू लागले.

आता ते कुंपण तिथे नाही. विद्यार्थ्यांनीच ते उपटले. वानर आणि सुतारपक्षी सकाळी एकत्र बसतात, एकमेकांना शंका विचारतात, एकमेकांचे शब्द समजून घेतात. झाले की सगळे छान, असे तुम्ही म्हणाल. मी नाही म्हणणार. दोन्ही गुरू अजून आपापल्या आसनावर आहेत आणि ही नवी पद्धत आपलीच, असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. हरिणी मात्र लंगडते. संध्याकाळी पाडसे माळावर उधळली की ती त्यांच्याकडे पाठ करून उभी राहते.

तात्पर्य : ज्यांना पुढे एकाच दुखऱ्या पायाशी बसायचे आहे, त्यांना शिकताना वेगळे बसवू नये; गुरूंच्या अबोल्याची शिक्षा गुरूंना होत नाही, ती दुखणेकऱ्याला होते.