सखाहरीनं आखलेला रस्ता

खोकडदरे नावाच्या गावात ग्रामपंचायतीचा एक भोळा शिपाई होता. सखाहरी त्याचं नाव. सांगितलेलं काम त्यानं जन्मात कधी टाळलं नाही. गावाची खरी अडचण तीच होती.

दुसरी अडचण रस्त्याची. गावापासून हमरस्त्याच्या फाट्यापर्यंत अडीच किलोमीटरची वाट, आणि वाटेत वाट कमी, खड्डेच जास्त. एस.टी. फाट्यावरच थांबायची. आजारी माणसाला बाजेवर घालून चौघांनी खांद्यावरून तिथवर न्यायचं. सखाहरीच्या बायकोला, अनसूयेला, कळा लागल्या तेव्हा तिलाही असंच नेलं. पोरगी निम्म्या वाटेत, बाभळीखाली झाली. तेव्हापासून सखाहरीला वाटायचं, हा रस्ता व्हावा आणि त्यात आपलाही हात लागावा.

तर त्या वर्षी रस्ता मंजूर झाला. सरपंच होत्या इंदुताई. त्यांनी चौदा वेळा तालुक्याला खेटे घातले होते. मंजुरीच्या कागदावर एक अट होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली.

"मार्चच्या आत काम झालं न्हाई, तर रस्ता दुसऱ्या गावाला जाणार."

हे ऐकल्यापासून सखाहरी रोज सकाळी वेशीबाहेर जाऊन रस्ता जागेवर आहे का ते बघून यायचा.

मग इंदुताईंनी त्याला पहिलं काम सांगितलं. "सखाहरी, उद्या धा वाजता ग्रामसभा. रस्त्यावर चर्चा हाय. सतरंज्या, खुर्च्या, माईक, समदी तयारी करून ठेव."

"व्हय ताई," सखाहरी म्हणाला. कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पंचायतीसमोर चिटपाखरू नव्हतं. इंदुताई शोधत शोधत वेशीबाहेर गेल्या. बघतात तर सगळं गाव रस्त्यावर बसलेलं. खड्ड्यांवरून सतरंज्या अंथरलेल्या. त्यामुळे कुणी सतरंजीवर बसलं होतं आणि कुणी सतरंजीसकट खाली गेलं होतं. सरपंचांची खुर्ची सगळ्यात मोठ्या खड्ड्यात, कारण तिथं गारवा होता. एका बाजूला दुधाचा टेम्पो अडकलेला, दुसऱ्या बाजूला नऊ म्हशी. आता उठवायचं तरी कुणाला? सभा तिथंच झाली. रुंदीकरणाच्या ठरावाला टेम्पोच्या ड्रायव्हरनं अनुमोदन दिलं. तो शेजारच्या गावचा होता, पण त्याला घाई होती.

सभा उठल्यावर इंदुताई कडाडल्या. "आरं येड्या, रस्त्याचं जे काय आसंल ते आधी हापिसात आणायचं! टेबलावर ठेवायचं! मग पुढचं बघायचं!"

"चुकलं ताई. आता ध्यानात ठेवतो," सखाहरी म्हणाला. आणि घरी जाईपर्यंत तो घोकत गेला, 'आधी हापिसात, मग टेबलावर.'

चार दिवसांनी मुरमाच्या तीन ट्रॉल्या आल्या. रस्त्यासाठीच आल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "कुठं टाकू?"

"हापिसात," सखाहरी म्हणाला. "टेबलावर."

ट्रॅक्टरवाल्यानं सरकारी कामं पुष्कळ केली होती. त्यानं पुढं काही विचारलं नाही. मजूर घमेली भरभरून आत नेऊ लागले. आत ग्रामसेवक खैरे भाऊसाहेब डबा खाऊन टेबलावर डोकं टेकून पडले होते.

"भाऊसाहेब, जरा डोकं उचला," सखाहरी म्हणाला. "टेबल पायजे."

भाऊसाहेबांनी झोपेतच डोकं उचललं आणि खुर्चीच्या पाठीला टेकलं. त्यांना नीट जाग आली तेव्हा टेबल दिसत नव्हतं, कपाट दिसत नव्हतं आणि स्वतःचे पाय सापडत नव्हते. मुरूम छातीला लागला होता. त्यांना दोघांनी काखेत धरून खिडकीतून बाहेर ओढलं. चपला आतच राहिल्या.

"अरे माणसा!" भाऊसाहेब लाल धूळ झटकत ओरडले. "रस्त्याचं सामान आलं की ते रस्त्याच्या कडेनं पसरायचं असतं! सारखं पसरायचं, वरून पाणी मारायचं आणि पायांनी तुडवून दाबायचं!"

"चुकलं भाऊसाहेब. आता ध्यानात ठेवतो."

तो पुन्हा घोकत गेला. 'पसरायचं, पाणी मारायचं, तुडवायचं.' अनसूयेनं भाकरीचं पीठ मागितलं तर तेही पसरणार होता. तिनं वेळेत हिसकावून घेतलं.

इकडं इंदुताई संमतीपत्रांच्या मागं लागल्या होत्या. रस्ता रुंद करायचा तर दोन्ही बाजूंच्या अकरा जणांनी बांधालगतची पट्टी द्यायला हवी होती. जमिनीची पट्टी म्हणजे काही पानाची पट्टी नव्हे. कुणी हो म्हणायचं आणि सकाळी नाही म्हणायचं. म्हातारा भिवाजी तर इंदुताई दिसल्या की उसात शिरायचा. दीड महिन्यात एकेकाला गाठून त्यांनी अकरा कागदांवर सह्या आणि अंगठे घेतले आणि गठ्ठा भाऊसाहेबांच्या हाती दिला.

भाऊसाहेबांनी तो सखाहरीकडं दिला. "हे बघ, रस्त्याचं सगळ्यात महत्त्वाचं सामान हेच. नीट लाव."

सखाहरीनं ते अगदी नीट लावलं. रस्त्याच्या कडेनं, दोन दोन हातांवर एकेक कागद. मग विहिरीवरून अठरा बादल्या पाणी आणलं. मग चप्पल काढून, कारण कागदाला पाय लावायचा तर अनवाणी बरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत तुडवून काढलं. इंदुताई पोचल्या तेव्हा दहा कागदांचा लगदा झाला होता. अकरावा भिवाजीचा. तो शेळीच्या तोंडात होता आणि त्यावरचा निळा अंगठा तेवढा बाहेर दिसत होता.

इंदुताई बांधावर बसल्या. लगद्यात एखादी सही वाचता येते का ते बघू लागल्या.

"ताई, अजून दाबू का?" त्यानं हळूच विचारलं.

"सखाहरी," त्या दातओठ खात म्हणाल्या, "सरकारी म्हणून जे काय येतं ना, ते नोटीसबोर्डात लावायचं आसतं. काचेच्या आड. कुलूप घालून. आन् सात दिवस गावाला बघू द्यायचं. कळलं?"

"कळलं ताई. काचेच्या आड, कुलूप, सात दिवस."

इंदुताई पदर खोचून पुन्हा अकरा दारं फिरू लागल्या. या वेळी भाऊसाहेबांनाही बरोबर घेतलं. शेवटची दोन दारं उरली त्या दिवशी जाताना सांगून गेल्या, "आज सरकारी सायेब येणार हायेत, रस्त्याची आखणी करायला. आम्ही शेतात आसू. आले तर तेवढं बघ."

सरकारी साहेब. सखाहरीनं ओळखलं.

ताम्हाणे साहेब अकराच्या सुमाराला जीपमधून उतरले. मऊ स्वभावाचा, गोल चेहऱ्याचा माणूस. सखाहरीनं त्यांना नमस्कार केला, मग नोटीसबोर्डाजवळ नेऊन वीत लावून मोजलं. साहेब मावत नव्हते. त्यानं थोडा विचार केला. पंचायतीत नवी कॉम्प्युटरची खोली झाली होती, तिची दर्शनी भिंत अख्खी काचेची होती.

"सायेब, आत बसा."

साहेब आत बसले. सखाहरीनं बाहेरून कुलूप घातलं आणि हलगी घेऊन गावात निघाला. "ऐका हो ऐका! पंचायतीत सरकारी सायेब लागलेत हो! सात दिवस बघायला मिळतील हो!"

गाव लोटलं. साहेब आतून काच वाजवत होते, हातवारे करत होते. बाहेर ऐकू काहीच येत नव्हतं. बायकांनी लेकरांना कडेवर उचलून दाखवलं. म्हातारा भिवाजी शेतातून इंदुताईंना चुकवून आला होता. त्यानं चष्मा लावला, काचेला नाक टेकवलं, साहेबांना वरपासून खालपर्यंत वाचलं आणि सखाहरीला विचारलं,

"हरकत नोंदवायची आसंल तर कुठं?"

दीड तासानं इंदुताई धापा टाकत आल्या आणि कुलूप उघडलं. साहेबांचा सदरा घामानं चिंब झाला होता. ते निघून गेले असते तर रस्ताही त्यांच्याबरोबर गेला असता. पण इंदुताईंनी ताक दिलं, पंखा लावला, चार वेळा माफी मागितली. साहेबांना आधी ठसका लागला आणि मग हसू आलं. "ताई," ते म्हणाले, "वीस वर्षं नोकरी केली, पण मला बघायला एवढी माणसं पहिल्यांदाच आली."

इंदुताई मात्र सखाहरीला कोपऱ्यात घेऊन कळवळून म्हणाल्या, "आरं, दारात माणूस आला तर त्याला बसवावं. हात जोडावेत. काय पायजे ते इचारावं. आन् मागंल ते द्यावं. कुणाला न्हाई म्हणायचं नसतं रं, सखाहरी!"

"चुकलं ताई. न्हाई म्हणायचं न्हाई."

त्याच दुपारी ताम्हाणे साहेबांनी आखणी केली. वेशीपासून थेट फाट्यापर्यंत, शिवारातून पांढऱ्या फक्कीची सरळ रेघ. भांगासारखी सरळ. उरलेल्या फक्कीचं पोतं त्यांनी सखाहरीच्या हवाली केलं. "परवा मशीन येईल. ड्रायव्हर रेघेवरूनच रस्ता करत जाईल. रेघ कुठं पुसली तर भरून काढ."

"व्हय सायेब."

संध्याकाळपर्यंत भिवाजीच्या अंगठ्यासकट नव्या संमत्याही पुऱ्या झाल्या. आता काळजीचं काही उरलं नव्हतं. इंदुताई आणि भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी पहाटे जिल्ह्याला गेले. तिथं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण होतं, गावाचं नियोजन कसं करावं याचं.

सकाळी सखाहरी पोत्यावर बसून रेघ राखत होता. पहिला आला भिवाजी. सखाहरीनं त्याला पोत्यावर बसवलं, हात जोडले आणि विचारलं, "आबा, काय पायजे?"

"माझ्या कवठाच्या झाडाला घासून चाललीय बघ रेघ. जरा वाकव की."

सखाहरीनं पायानं जुनी रेघ पुसली आणि कवठाला वळसा घालून नवी ओढली. भिवाजीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कामाबद्दल सखाहरीला कुणी आशीर्वाद द्यायची ही पहिलीच वेळ. त्याला गलबलून आलं.

मग शेवंताबाई आल्या. त्यांची पिठाची गिरणी. "आमच्या गिरणीपुढनं ने बाबा, दळणाची गाडी दारात लागंल." सखाहरीनं हात जोडले, रेघ गिरणीपुढून नेली. मग हेडमास्तर आले. त्यांना रस्ता शाळेपुढून हवा होता. तालमीतल्या गड्यांना तालमीपुढून. गोरोबा आणि विठोबा हे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. गोरोबा म्हणाला, रस्ता माझ्या दारावरून जावा. विठोबा म्हणाला, माझ्याही दारावरून जावा, पण गोरोबाच्या दारावरून गेलेला नको. सखाहरीनं जागच्या जागी बसून विचार केला आणि गोरोबाच्या दारापासून रेघ मागं वळवून, गोठ्याला फेरी मारून, विठोबाच्या दारात दुसऱ्या अंगानं आणली. दोघंही खूश झाले.

दुपारी फक्की संपली. बायकांनी घराघरांतून रांगोळी आणून दिली. पुढची रेघ रांगोळीची झाली, आणि शेवंताबाईंच्या सुनेनं मधेमधे ठिपकेही दिले. शेवटी वेशीजवळचा चहाटपरीवाला मल्हारी आला. त्याचं मागणं साधं होतं. "रस्ता कुठनंबी ने. संपव मात्र माझ्या टपरीपुढं. मानसं उतरली की चहा पितील."

सखाहरीनं हात जोडले आणि उरलेली जुनी रेघ पायानं पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. ड्रायव्हरनं रेघ बघितली. खाली उतरून पुन्हा बघितली. मग त्याला हुकूम आठवला आणि तो रेघेवरून निघाला. खडी पडली, डांबर पडलं, रोलर फिरला. कुणी काम अडवलं नाही. प्रत्येकाच्या दारापुढून काळाभोर रस्ता चालला होता, आणि जो तो मनात म्हणत होता, फाट्याकडचा तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी दारावरून गेला असणार. मार्च संपायला अजून आठ दिवस होते तोवर अडीच किलोमीटर भरले.

पंधराव्या दिवशी इंदुताई आणि भाऊसाहेब एस.टी.तून फाट्यावर उतरले. नवा रस्ता बघायला इंदुताईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. फाट्यावर रस्ता नव्हता. जुनीच खड्ड्यांची वाट होती. "पुढनं चालू केला आसंल," असं म्हणत ते दोघं ठेचकाळत अडीच किलोमीटर चालत आले. आणि वेशीशी, मल्हारीच्या टपरीपुढं, गुळगुळीत रस्ता लागला.

इंदुताईंनी वाकून डांबराला हात लावला. डोळे भरून आले. दोघं चालू लागले. कवठाचं झाड आलं, गिरणी आली, शाळा आली, तालीम आली. गोठ्याभोवती भाऊसाहेबांना थोडं गरगरलं. एक वळण, दुसरं वळण, अकरावं वळण. आणि समोर मल्हारीची टपरी आली.

"चहा घेताय न्हवं?" मल्हारी म्हणाला.

भाऊसाहेबांना वाटलं, उन्हानं आपल्याला चकवा लागला. ते एकटेच आणखी एक फेरी मारून आले. पुन्हा टपरीच आली.

टपरीच्या बाकावर सखाहरी बसला होता. अंगावर धुतलेला सदरा. त्यानं उठून दोघांना बसवलं, हात जोडले. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"ताई, समद्यांचं समाधान झालं. एकाचीबी हरकत न्हाई."

"सखाहरी," इंदुताई बाकाची कड धरून म्हणाल्या, "आरं, रस्ता फाट्याला न्यायचा हुता रं! फाट्याला का न्हाई नेलास?"

सखाहरीनं सगळी माणसं एकेक करून आठवून बघितली. मग मान हलवली.

"ताई, फाट्यावरनं कुणी मागायला आलंच न्हाई."